खोकल्याचे वाक्य

छापखान्यात त्यांना सगळे फौजदार म्हणत. पोलिसांशी त्यांचा संबंध आयुष्यात एकदाच आला होता, सायकल चोरीला गेली तेव्हा, आणि ती सायकल काही मिळाली नव्हती. पण चोरी पकडण्यात फौजदारांचा हात धरणारा कोणी नव्हता. चोरी सायकलींची नव्हे, वाक्यांची.

त्यांचे काम प्रुफे तपासण्याचे. लेखकाचे लिखाण जुळवून झाले की त्याच्या कच्च्या छापावर लाल शाईने चुका दाखवायच्या, एवढ्यासाठीच त्यांना पगार मिळे. पण एखादे वाक्य ओळखीचे वाटले की फौजदारांचे कान टवकारत आणि समासात लाल अक्षरांत प्रश्न उमटे, 'कुठून घेतले?' या दोन शब्दांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. एका कवीने केलेल्या संध्याकाळच्या वर्णनापुढे त्यांनी लिहिले होते, 'हा सूर्य दुसऱ्यांच्या पुस्तकात आधीच मावळलेला आहे.' आरोग्यावर पुस्तक लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी तर अर्पणपत्रिकासुद्धा उचलली होती, आणि घाईघाईत तिच्यात दुसऱ्याच्याच आईचे नाव राहून गेले होते. फौजदारांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग अदबीने विचारले, "आपल्या मातोश्रींची काही हरकत नाही ना?"

त्यांचा कायदा सोपा होता. शब्द सगळ्यांचे, वाक्य ज्याचे त्याचे. विचार घेतला असेल तर तसे सांगा, वाक्य घेतले असेल तर अवतरणचिन्हे घाला, आणि अख्खे पान घेतले असेल तर निदान माझ्यासमोर छाती काढून बसू नका. घरीसुद्धा सुटका नव्हती. बायको काही चमकदार बोलली की ते विचारत, "हे कुठं वाचलंस?" बायको म्हणे, "वाचायला वेळ कुणाला आहे? जेवा."

या कडकपणाचे मूळ फौजदार कोणाला सांगत नसत. तरुणपणी त्यांनीही कविता केल्या होत्या. त्या एका जाणत्या माणसाला दाखवल्या, तर तो वाचता वाचता पुढची ओळ स्वतःच म्हणू लागला. फौजदारांनी चोरी केली नव्हती हो! लहानपणी कानावर पडलेले मनात मुरले होते आणि त्यांना ते प्रामाणिकपणे आपलेच वाटले होते. पण लाज वाटायची ती वाटलीच. त्या दिवसापासून त्यांनी लिहिणे सोडले आणि इतरांच्या मागे लागले.

तपासण्याची या छापखान्याची एक पद्धत होती. जुळणी संगणकावर आली तरी आताच्या मालकांनी वडिलांच्या वेळची ती पद्धत मोडली नव्हती. टेबलाच्या एका बाजूला वाचनबाई बसत आणि लेखकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचत. दुसऱ्या बाजूला फौजदार प्रुफावर नजर ठेवून ऐकत. कानावर आले आणि कागदावर नाही असे काही आढळले, की तो शब्द जुळणाऱ्याकडून गाळला गेला असे समजायचे आणि लाल शाईने तो समासात भरायचा. हस्तलिखित फौजदारांनी हातात घ्यायचेच नाही. बाई वाचतील ते मूळ.

आणि बाई वाचत तरी कशा! सगळ्या विरामचिन्हांसकट, एका सुरात, मान वर न करता. "तिने त्याला मिठी मारली पूर्णविराम त्याच्या डोळ्यांत स्वल्पविराम गालांवर स्वल्पविराम ओठांवर आसू होते उद्गारचिन्ह." प्रेमाचा प्रसंग असो नाहीतर मूळव्याधीवरचा उपाय, आवाज तोच. बाईंचे यजमान याच छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला होते. ते गेल्यावर थोरल्या मालकांनी बाईंना वाचनाच्या खुर्चीवर बसवले. त्यालाही आता बरीच वर्षे झाली होती. फौजदार आणि बाई रोज समोरासमोर बसत, पण दोघांचे बोलणे असे फार होत नसे. दिवसभर बाईच बोलत असत, पण ते सगळे दुसऱ्यांचे.

तर एका सकाळी मॅडम छापखान्यात आल्या. मॅडम म्हणजे गावातल्या मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. तिच्या कार्यकारिणीवर त्या अजून होत्या, आणि शाळेची सगळी छपाई, प्रश्नपत्रिकांपासून प्रगतिपुस्तकांपर्यंत, याच छापखान्याला त्यांच्याच शब्दावर मिळत होती. वर्षभरापूर्वी त्यांचे आत्मचरित्र इथेच छापले गेले होते. आज त्यांच्या काखेत दोन पुस्तके होती. एक स्वतःचे. दुसरी गावातल्या एका दंतवैद्यांनी लिहिलेली कादंबरी. तीही इथलीच, दोन महिन्यांपूर्वीची.

"चोरी झाली आहे," मॅडम म्हणाल्या. "माझी!"

मालकांनी आधी त्यांची पर्स आहे ना ते पाहिले. मग मॅडमनी दोन्ही पुस्तके उघडून टेबलावर ठेवली. आत्मचरित्रात यजमानांच्या निधनानंतर एक वाक्य होते, 'इतकी वर्षे त्यांच्या खोकल्याने झोप मोडायची, आता खोकला नाही म्हणून झोप लागत नाही.' कादंबरीत नायकाचे वडील वारतात, तिथे हेच वाक्य. 'त्यांच्या' जागी 'बाबांच्या' आणि एक जादा स्वल्पविराम, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी, की साप्ताहिकात परीक्षण लिहिणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही वेळा याच वाक्याची वारेमाप स्तुती केली होती. आपण एकच वाक्य दोनदा डोक्यावर घेतले हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. मॅडमच्या आले.

"तो दातवाला माझी प्रुफं इथे वाचून गेला असणार," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या टेबलावरून माझं वाक्य बाहेर गेलंय. उद्या त्याला बोलवा. कुणामुळे गेलं ते मला कळलं पाहिजे, नाहीतर शाळेचं काम दुसरीकडे जाईल."

त्या गेल्यावर मालक काचेच्या केबिनमध्ये येरझाऱ्या घालू लागले. लहानपणी फौजदारांच्या मांडीवर बसून लाल शाईच्या बाटल्या सांडलेला हा मुलगा. बरे चालले असेल तेव्हा तो त्यांना काका म्हणे आणि चिडला की फौजदार.

"फौजदार, शाळेचं काम गेलं तर मशीन विकावं लागेल. ज्याच्या हातून हे झालं असेल त्याला मी घरी बसवणार. मग तो कुणी का असेना."

"बसवाच," फौजदार म्हणाले. त्यांना तर आनंद झाला होता. इतक्या वर्षांत अशी अस्सल चोरी हाती लागली नव्हती.

दुपारी ते माळ्यावर चढले. दोन्ही पुस्तकांची हस्तलिखिते आणि तपासलेली प्रुफे तिथे बांधून ठेवलेली होती. आधी दंतवैद्यांचे हस्तलिखित काढले. पहिल्यांदाच हातात घेतले. वाक्य नव्हते. 'म्हणजे मागाहून घुसवलंय, लबाड माणूस आहे,' असे पुटपुटत त्यांनी मॅडमचे काढले. त्यातही वाक्य नव्हते. फौजदारांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग प्रुफे उघडली. दोन्हींच्या समासात ते वाक्य होते. लाल शाईत, वळणदार अक्षरात. ते अक्षर जगात एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस माळ्यावर धुळीत मांडी घालून बसला होता.

शिडीवरून फौजदार कसे उतरले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

खाली बाई नव्या पुस्तकाची पाने लावत होत्या. फौजदारांनी दोन्ही प्रुफे त्यांच्यापुढे ठेवली.

"बाई, हे तुम्ही वाचलंत?"

बाईंनी पाहिले. "हो."

"हस्तलिखितात नाहीये."

"नसेल."

"नसेल? मग तुम्ही वाचलंत कसं?"

बाईंनी पाने बाजूला ठेवली. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती; उलट बरीच वर्षे रांगेत उभे राहिल्यावर शेवटी आपला नंबर लागावा तसे काहीतरी होते.

"पहिल्यांदा गंमत म्हणून केलं, साहेब. तुम्ही जागे आहात का झोपलात ते बघायला. ते प्रवासवर्णन नव्हतं का? तो माणूस डोंगर चढतोय, चढतोय, पान संपेना. मी मध्येच म्हटलं, डोंगर कुठे जाणार नव्हता, पण आम्हालाच थांबवत नव्हतं, पूर्णविराम. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही लिहून घेतलंत."

फौजदारांना ते वाक्य चांगले आठवत होते. त्या लेखकाचा हात हातात घेऊन त्यांनी त्याच वाक्याबद्दल अभिनंदन केले होते. लेखकाने मान खाली घालून ते स्वीकारले होते, आणि फौजदारांना तो विनय वाटला होता.

"अशी किती वाक्यं घातलीत?"

"मोजली नाहीत. एखादं पान फारच कोरडं वाटलं तर घालायचे."

"आणि हे दोनदा?"

"पानावर माणूस गेला की हे आपोआप तोंडात येतं. आधी म्हटलंय हे लक्षात कुठे राहतं? छापलेलं मी वाचत नाही. घसा बसलेला असतो."

"अहो, पण मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी? सगळ्या जगाला विचारता."

काहीच सुचेना तेव्हा माणूस सवयीचे बोलतो. फौजदारांनी विचारले, "हे कुठून घेतलंत?"

"घरून," बाई म्हणाल्या.

आणि मग फौजदारांना तो खोकला ऐकू आला. पलीकडच्या खोलीत खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहून बाईंचा नवरा दिवसभर खोकत असे. त्यावर फौजदार इथूनच ओरडायचे, "अरे, मध्ये स्वल्पविराम तरी घे!" आणि सगळा छापखाना हसायचा. तो माणूसही हसायचा. इतकी वर्षे ऐकलेला खोकला, आणि त्याचे वाक्य दोनदा कानावर पडले तरी या वाक्यांच्या फौजदाराला त्याचा मालक ओळखता आला नाही. त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की ते तसेच जागेवर जाऊन बसले.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळे सांगितले. खरे सांगावे तर बाईंची खुर्ची जाणार, आणि बाईंना दुसरा आधार नाही. न सांगावे तर दंतवैद्य चोर ठरणार.

"पण लाल शाईनं लिहिलं कोणी?" बायकोने विचारले.

"मी."

"मग झालं तर. एवढा विचार कसला करताय?"

हे तिने कुठे वाचले, असे फौजदारांनी त्या दिवशी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी काचेच्या केबिनमध्ये जमली. बाहेर मशीनवाल्यांना अचानक केबिनशेजारचाच कोपरा झाडण्याची निकड भासू लागली. दंतवैद्य जरा नटूनच आले होते. त्यांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत होती, आणि हेच वाक्य मोठ्या अक्षरांत मलपृष्ठावर घ्यायचे ठरले होते. त्याचा नमुना मालकांच्या टेबलावर पडलेलाच होता. कोणी बोलू लागले की त्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे पाहायचे ही दंतवैद्यांची सवय. त्यामुळे मॅडम संतापल्या तेव्हा त्यांची नजर मॅडमच्या डावीकडच्या दाढेवर होती.

"हे वाक्य मी रक्त आटवून लिहिलंय," दंतवैद्य म्हणाले. "नायकाच्या वडिलांचा मृत्यू लिहिताना मी रडलो होतो."

"नायकाचे वडील समुद्रात बुडून गेलेत!" मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्या प्रकरणात! खोकला कुठून आला?"

"बुडायच्या आधी खोकत होते."

"सगळी कादंबरी वाचलीय मी. एकदाही खोकत नाहीत."

"आणि तुमचे यजमान तरी कुठे खोकायचे, मॅडम? माझे पेशंट होते ते. तासन् तास तोंड उघडून बसायचे, पण कधी खोकले नाहीत."

"खोकायचे नाहीत, घोरायचे!" मॅडम म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

फौजदार उभे राहिले. "हे वाक्य तुम्हा दोघांच्याही हस्तलिखितात नाही."

मग दंतवैद्य म्हणाले, "मी मागाहून फोनवर सांगितलं होतं."

"फोनवर मी सांगितलं होतं!" मॅडम किंचाळल्या. "हेसुद्धा माझंच उचललंत!"

"कुणीच सांगितलं नव्हतं," फौजदार म्हणाले. "पण शेवटचं प्रुफ तुमच्या दोघांच्या घरी गेलं होतं. डॉक्टर, तुम्ही या वाक्यात 'आता'च्या पुढे एक स्वल्पविराम घातलात. मॅडम, तुम्ही याच्यासमोर बरोबरची खूण केलीत, अख्ख्या पुस्तकात एकच. हे आपण लिहिलेलं नाही, हे तुम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं होतं."

दंतवैद्य पहिल्यांदाच स्वतःचे ओठ मिटून बसले. मॅडमनी पुस्तक मिटले आणि उघडले. "मला वाटलं, लिहिलं असेल मीच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन दिवस वाटलं, की नाही लिहिलेलं. मग इतक्या वेळा वाचलं, की लिहिल्याचं आठवायलाच लागलं." फौजदारांना त्यांचा राग येईना. असे कसे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

"मग हे लिहिलं तरी कोणी?" मालकांनी डोके धरले.

"अक्षर माझं आहे," फौजदार म्हणाले. "दोन्ही ठिकाणी मीच घातलं. चूक माझी. मी उद्यापासून येत नाही."

तेवढ्यात दारातून दुसरा आवाज आला, एका सुरातला, पण नेहमीपेक्षा बराच मोठा.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "माझं वाक्य तुम्ही लोकांना वाटलंत ते वाटलंत. आता माझी चूकसुद्धा तुमच्या नावावर खपवणार?"

"बाई, तुम्ही गप्प बसा," फौजदार कुजबुजले.

"इतकी वर्षं दुसऱ्यांचंच बोलले. चूक तरी माझी असू द्या." आणि बाईंनी सगळे सांगून टाकले. डोंगराचे, कोरड्या पानांचे, पानावर माणूस गेला की तोंडात येते त्याचे.

"चूक माझी," फौजदार म्हणाले. "तपासणारा मी."

"वाचणारी मी."

मालक आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. "कालपर्यंत वाक्यावरून भांडण होतं, आज चुकीवरून! दोघांनाही घरी बसवू का?"

"अजिबात नाही!" मॅडम म्हणाल्या. "सोमवारी शाळेला प्रश्नपत्रिका हव्यात. त्या कोण तपासणार? तुम्ही?"

मालकांनी स्वतःच्या शुद्धलेखनाचा क्षणभर विचार केला आणि ते मुकाट्याने खुर्चीत बसले. "बरं काका," ते म्हणाले. "बाई, तुम्हीही बसा. पण यापुढे कागदावर असेल तेवढंच वाचायचं." फौजदार खाली बसले. बाहेर झाडू मारणाराही एकदाचा पुढे सरकला.

मॅडम बाईंकडे वळल्या. "तुमचे मिस्टर का?"

"हो. इथेच होते, पलीकडच्या खोलीत."

मॅडमनी हातातले पुस्तक टेबलावर सरकवले. मग म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत माझ्या पुस्तकातून काढून टाका."

"तुमचे घोरायचे ना?" बाई म्हणाल्या. "मग तेच लिहा की."

"घोरणं काय लिहिण्यासारखं आहे?"

"मग खोकला होता?"

मॅडमना हसू आले, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. राहिले दंतवैद्य. ते मलपृष्ठाच्या नमुन्याकडे पाहत होते.

"मी ऋणनिर्देशात बाईंचं नाव घालतो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी, पण ठळक अक्षरात."

बाई नमुन्यावरचे ते वाक्य वाचत राहिल्या.

"सगळ्यांच्या आधी घालतो."

"डॉक्टर," फौजदार म्हणाले, "आधी विचारायचं असतं."

"काय विचारायचं?"

"घेऊ का, असं."

दंतवैद्यांचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचे उघडताना फार त्रास होत होता. त्यांनी टाय सैल केला, पाण्याचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिले. शेवटी अगदी बारीक आवाजात, आणि आल्यापासून पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांकडे पाहत ते म्हणाले, "बाई, तुमचं ते वाक्य मी माझ्या पुस्तकात घेऊ का?"

सगळ्यांनाच मोकळे वाटले. मालकांनी तर चहा सांगायला हात वर केलासुद्धा. बाईंनी मात्र खरोखरच विचार केला. त्यांना असे आजवर कोणी काही विचारले नव्हते, त्यामुळे त्यांना जरा वेळ लागला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण मी विचारलं!"

"हो ना. म्हणून तर उत्तर दिलं."

मालकांचा हात वरच राहिला. फौजदारांनी मलपृष्ठाचा नमुना पुढ्यात ओढला आणि लाल पेनाचे टोपण काढले. त्या वाक्यावर रेघ मारण्याआधी त्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी होकारार्थी मान हलवल्यावरच त्यांनी पेन टेकवले.